कट म्हणेपर्यंत

माझ्या हातातली पिशवी फाटली आणि तिसऱ्या मजल्यापासून एकोणतीस चपला-बूट जिन्यावरून खाली धावत सुटले. एकोणतीस अशासाठी की एका बुटाचा जोडीदार कुत्र्याने पळवला होता. एखादी वरात निघावी तसे ते टपटप, खडखड, धबधब करत गेले, आणि नेमके खालून वर येणाऱ्या एका माणसावर जाऊन आदळले. शेवटी सगळ्यात जड गमबूट होता. तो त्याच्या कपाळावर बसला.

मी धावत खाली गेले. तो जिन्याच्या वळणावर कपाळ चोळत उभा होता, हातात माझी एक लाल चप्पल.

"ही कुणाची?"

"कुणाचीच नाही. म्हणजे... सगळ्यांची."

"किती पाय आहेत तुम्हाला?"

"कामाच्या दिवशी एकोणतीस. सुट्टीच्या दिवशी दोनच."

तो हसला. पण हसताना माझ्याकडे बघत नव्हता, त्या चपलेकडे बघत होता. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पण बावीस वर्षांच्या पोरीला काय ओळखता येतं, कपाळ!

"फार लागलं का हो?"

"गमबुटाचं लागलं. बाकीचं चालेल." मग म्हणाला, "आवाजवाले मामा कुठे बसतात? सगळे त्यांना मामाच म्हणतात."

"माझे सख्खे आहेत. बाकीच्यांना उसने देतो आम्ही. चला, त्या बुटांना हात लावा, तुम्हीच अडवलंत त्यांना."

अशी आमची पहिली भेट. एकेक बूट उचलत आम्ही वर गेलो.

मामाची खोली इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मधे एक दातांचा डॉक्टर, वर आम्ही. सिनेमात नटी चालते तेव्हा तिची पावलं ऐकू येतात ना, ती तिची नसतात. शूटिंगच्या वेळी बोलणं टेपवर येतं, पण पावलं, दारं, भांडी, कपड्यांची सळसळ हे सगळं नंतर एका बंद खोलीत कुणीतरी पडद्याकडे बघत बघत करतं. ती कुणीतरी म्हणजे मी. जमिनीवर चौकोन आखलेले होते: एक फरशीचा, एक लाकडाचा, एक वाळूचा, एक खडीचा. पडद्यावरची बाई जिथे चालेल त्या चौकोनात मी जागच्या जागी चालायचे. माझ्या पायांवर चार राण्या, सहा खुनी आणि एक अख्खी फौज चाललेली आहे. फौजेच्या वेळी मी एकटीच होते, फक्त मामाने नऊ वेळा टेप केलं.

मामा एका कानाने ठार बहिरा होता. पण दुसऱ्या कानाने त्याला मुंगीची शिंक ऐकू यायची. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

तो माणूस भूगोलाचा मास्तर निघाला. शाळेला सुट्टी लागली की सिनेमा करायचा. कॅमेरा मित्राचा, नट शेजारपाजारचे, पाठीशी कुणी शेठ नाही की कंपनी नाही. गाणी नाहीत, मारामारी नाही. एक नर्स डोंगराच्या वाडीत घरोघर औषधं देत फिरते आणि शेवटी वाडी सोडून निघून जाते, एवढीच गोष्ट.

"म्हणजे पूर्ण सिनेमाभर ती चालतेच?" मी विचारलं.

"हो."

"हा सिनेमा नाही मास्तर, पदयात्रा आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो, पाऊलबाई."

हे नाव त्यांनीच ठेवलं. मग सगळेच म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सँडल आणले. तपकिरी, साधे, बक्कल असलेले. "शूटिंगमध्ये हेच होते," ते म्हणाले. "यातच चाला."

मी पाय घातला. आत आधीच्या पायाची बोटं उमटलेली होती, पाच काळपट खळगे. आणि माझी पाचही बोटं त्या खळग्यांत बरोबर बसली. करंगळीसुद्धा. गारेगार होते ते आतून, जसे नुकतेच कुणी ओल्या पायांनी काढून ठेवलेत. मी पटकन पाय काढून बघितला. कोरडा होता.

दिवे विझले. पडदा उजळला. आणि ती आली.

सुंदर होती असं नाही, पोरींनो. पण तिच्यावरून नजर हलायची नाही. तिची चाल वेगळीच होती. उजवं पाऊल पडायचं, मग क्षणभर विचार केल्यासारखं थांबून... डावं. उजवं... आणि डावं. ते डावं जरासं घासायचं. टक... सर्र. टक... सर्र. मी खडीच्या चौकोनात उभी राहून तिचे पाय पकडायला लागले. अर्ध्या तासात माझी पोटरी भरून आली.

"मास्तर," मी अंधारातच ओरडले, "तुमच्या नटीला म्हणावं, डावा पाय उचलून टाकत जा जरा. आमच्या टाचा झिजतात!"

 काचेपलीकडे मास्तरांशेजारी बसलेल्या मामाने मशीन बंद केलं. टेपचं चाक तेवढं उगाच फिरत राहिलं.

"चिमणे," मामा हळूच म्हणाला, "ती यांची बायको होती. मागच्या वर्षी वारली."

जमिनीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये मास्तरांचा आवाज आला, अगदी कानाला लागून:

"सांगितलं असतं तिला. पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. उलट आणखी घासली असती."

आणि ते हसले. मला रडू आलं ते त्या हसण्यामुळे.

त्या दिवसापासून रोजचं ठरून गेलं. सकाळी दहा ते चार. बाहेर भर दिवस, आत काळे पडदे. भिंतींना गोधड्या. मी चौकोनात, मास्तर आणि मामा काचेपलीकडे, आणि मास्तरांचा आवाज थेट माझ्या कानात. माणूस बारा हात लांब, पण श्वाससुद्धा ऐकू यायचा. एवढं जवळ तोपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

"पाऊलबाई, आज जड पडताय."

"जेवून आलेय. तुमच्या नर्सला उपाशी ठेवता की काय?"

"ती खायची की. माझ्याच ताटातलं."

"मग ताट इकडे आणा. तिचं काम मी करतेय, तर जेवणही मीच करीन."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ते दोन डबे घेऊन आले. मामा म्हणाला, "माझा?" मास्तर म्हणाले, "तुम्हाला त्या बाजूने ऐकू येत नाही ना, म्हणून विसरलो." मामा दिवसभर रुसला.

एकदा म्हणाले, "डावीकडे वळताना तुम्ही श्वास धरता."

"तुम्हाला कसं दिसलं? तुम्ही तर पडद्याकडे बघत असता."

"दिसलं नाही... ऐकू आलं."

अंधार होता म्हणून बरं. नाहीतर माझे कान लाल झालेले सगळ्या दुनियेला दिसले असते.

एका सकाळी खडीच्या चौकोनात मलमाची डबी ठेवलेली होती, खाली चिठ्ठी: 'टाचांच्या भेगांना. – एक प्रेक्षक.' मी ते मलम लावलंच नाही. डबी उशाशी घेऊन झोपले. मलम लावलं असतं तर संपलं नसतं का?

पण खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मला टोचत होती. त्या माणसाने माझ्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. यायचे ते पडदा सुरू होताना, जायचे ते पडदा विझल्या विझल्या, मान खाली घालून. माझे डोळे कसे आहेत, नाकावर तीळ आहे की नाही, त्यांना काहीच माहीत नसणार. माझी पावलं ऐकताना त्यांचा चेहरा असा उजळायचा, की काचेतून मला दिसायचं... आणि तो उजेड माझ्यासाठी नव्हता. मी जितकी चांगली चालणार, तितकी ती पडद्यावर जिवंत होणार. आणि जितकी ती जिवंत होणार, तितकी मी नाहीशी.

सवत असती तर भांडले असते. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं?

तिसऱ्या आठवड्यात ते सुरू झालं.

संध्याकाळी पाच वाजता मी घरी आले. जिना चढले, कडी वाजवली. आई दार उघडेना.

"कोण पाहिजे?" आतून आवाज आला.

"आई, मी."

"कोण मी?"

"अगं मी! उघड ना."

 मग आई दाराला तोंड लावून म्हणाली, "आवाज तिचाच काढतेस. पण माझी पोर अशी नाही चालत."

मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला. मी लहानपणीची तीन गुपितं सांगितली, शेवटचं तर मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं, तेव्हा दार उघडलं. आईने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे बघितलं. मान लांब करून जिन्यात वाकून बघितलं.

"तुझ्याबरोबरची कुठे गेली?"

"कोण?"

"दोघी चढत होतात ना?"

मी त्या संध्याकाळी घरात चालून बघितलं. टक... सर्र. सँडल पायांत नव्हते, अनवाणी होते, तरी टक... सर्र. मुद्दाम भरभर चालले, नाचून बघितलं, उड्या मारल्या. थांबून पुन्हा सरळ चालायला गेले की डावं पाऊल आपलं आपण विचारात पडायचं. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मी आधी कशी चालायचे तेच मला आठवेना. आठवून बघा, तुम्ही कशा चालता? सांगता येत नाही ना? मलाही नाही आलं.

दुसऱ्या दिवशी मामाने मास्तर यायच्या आत मला जवळ बोलावलं. त्याचा चांगला कान मशीनला लावलेला होता.

"चिमणे, काल दवाखान्याच्या पायऱ्या केल्यास. किती पावलं?"

"सतरा."

"टेपवर अठरा आहेत."

"प्रतिध्वनी असेल."

"भिंतींना गोधड्या आहेत. इथे देवाचाही प्रतिध्वनी येत नाही." त्याने टेप मागे घेऊन ऐकवली. सतरा पावलं झाली. मी थांबलेली मला कळली. माझा सुटलेला श्वाससुद्धा कळला. आणि मग, जरा वेळाने, कुणीतरी आणखी एक पायरी चढलं. सर्र.

मामाने टेप थांबवली. 

"एक रीळ उरलंय," तो म्हणाला. "मी मास्तरांना सांगतो, पोरीला बरं नाही म्हणून. दुसरीकडून करून घ्या."

मी नाही म्हटलं. हे रीळ केलं तर माझी चाल मला कधीच परत मिळणार नाही, हे मला आतून कळत होतं. आणि नाही केलं तर मास्तर पुन्हा दिसणार नाहीत, हेही कळत होतं. चाल जाते तर जाऊ दे, असं म्हणणारं वय असतं एक.

शेवटचं रीळ मंगळवारी लागलं. भर दुपारी.

पडद्यावर कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. ती पाठमोरी, हातात पत्र्याची पेटी. चालत जाते, लहान होत जाते, वळणावरून दिसेनाशी होते. तिथे सिनेमा संपायला हवा. पण संपला नाही. रिकामा रस्ता दिसतच राहिला. दहा सेकंद, वीस, तीस, चाळीस. गवत हलतंय, दुसरं काही नाही. मग एकदम पांढरं. फिल्मच संपली होती.

"एवढा लांब रिकामा रस्ता कशाला?" मी विचारलं.

 मग मास्तर म्हणाले, "मला कट म्हणता आलं नाही."

"म्हणजे?"

"कॅमेऱ्यासमोरच्या माणसाने कट ऐकल्याशिवाय थांबायचं नाही, हा नियम. मीच शिकवला होता तिला. ती वळणावरून गेली आणि माझा घसाच... कळलं नाही काय झालं. तिला काही झालंय हे मला माहीत नव्हतं. तिने सांगितलंच नव्हतं. पण पाठ बघितली आणि घशातून आवाज निघेना. फिल्म संपली तरी मी तसाच उभा. मग धावत गेलो, तर ही अर्ध्या कोसावर... चालतेच आहे. घामाने भिजलेली, ओठ निळे. म्हणाली, 'तू कट म्हणाला नाहीस.' हसत होती. अकरा दिवसांनी गेली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या चालण्याने काही झालं नाही, होणारच होतं." मग म्हणाले, "डॉक्टर चांगला माणूस आहे."

मामाने चष्मा काढून पुसला. मी चौकोनात उभी होते. पाय गार पडत चालले होते.

"पाऊलबाई," कानात आवाज आला, अगदी हळू, लाडीगोडी लावल्यासारखा, "ती वळणावरून गेली की पावलं लांब जात जात विरतात, हो ना? तसं करा. आणि मग त्या रिकाम्या रस्त्यावर... परत आणा."

"परत?"

"दिसायला कुणी नको. फक्त ऐकू येऊ दे. लांबून जवळ. एवढंच. एकदाच."

मामा म्हणाला, "मास्तर, नका." पण मी मान हलवली होती. मला त्या चेहऱ्यावरचा उजेड बघायचा होता. तो माझ्यासाठी नसला तरी.

दिवे विझले. टेप फिरू लागली. ती चालू लागली, मी चालू लागले. टक... सर्र. टक... सर्र. वळण आलं. मी पावलं हलकी केली, आणखी हलकी, टाचा उचलल्या, चवड्यांवर आले, आणि थांबले. रस्ता रिकामा. मी पाच मोजून परत यायला सुरुवात करणार...

टक... सर्र.

मी हलले नव्हते.

टक... सर्र. माझ्या शेजारी, खडीच्या चौकोनात, अर्ध्या हातावर. खडी दबत होती. मी डोळ्यांनी बघितलं, पडद्याच्या उजेडात. बारीक खडे कुणाच्या तरी वजनाखाली खाली जात होते आणि पाऊल सुटलं की हलकेच वर येत होते. ती परत येत नव्हती. जात होती. वर्षभर नुसती जातच होती. मला राग नाही दिसला त्यात, भीती नाही दिसली. दमलेलं ऐकू आलं. फार, फार दमलेलं. तुम्ही कधी आजारी माणसाला स्वयंपाकघरापर्यंत जाताना ऐकलंय? तसं.

आणि माझा डावा पाय उचलला गेला. मी उचलला नव्हता. टक... सर्र, तिच्याबरोबर. टक... सर्र. मी सँडलचं बक्कल सोडवायला वाकले, तर वाकताच येईना, पाय चालतच होते. चौकोनातून बाहेर. दाराच्या दिशेने.

"मास्तर!" मी ओरडले. "ऐकू येतंय ना?"

"येतंय." आवाज रडत होता. "येतंय... थांबू नका. थोडं अजून."

तेव्हा मला असा संताप आला! प्रेम वगैरे सगळं बाजूला राहिलं. मी आईच्या तारसप्तकात ओरडले.

"अहो, कट म्हणा! तिला बसायचंय! वर्षभर चालतेय ती, तुमच्या एका शब्दासाठी! नियम तुम्ही शिकवलात ना तिला? मग सोडवा की! आणि मला पण सोडवा. मी ती नाहीये. मला माझे पाय परत हवेत!"

काचेपलीकडे ते उभे राहिलेले दिसले. तोंड उघडलं. बंद झालं. माझा हात दाराच्या कडीला लागला होता. बाहेर तीन मजल्यांचा जिना, आणि त्यापुढे कुठला रस्ता, किती लांब, देवाला ठाऊक. टक... सर्र.

"मास्तर..." या वेळी मला नीट ओरडताही आलं नाही.

"कट."

एवढासा आवाज. घसा खरवडून निघालेला.

पावलं थांबली. माझीही आणि तिचीही. आणि मग आम्हा तिघांनाही अगदी स्पष्ट ऐकू आलं. कुणीतरी दगडावर टेकलं. पत्र्याची पेटी खाली ठेवली. आणि 'हुश्श' केलं. लांबच्या प्रवासाहून घरी आल्यावर बायका करतात ना, अगदी तसं. त्यापुढे काही नाही. नुसती गोधड्यांची शांतता.

पडदा पांढरा झाला. मामाने दिवे लावले तेव्हा मास्तर निघून गेले होते. सँडल मी काढून वर्तमानपत्रात गुंडाळले, मामाच्या हाती दिले, आणि अनवाणी घरी गेले. रस्त्यातले लोक बघत होते. बघोत.

मास्तर एक आठवडा आले नाहीत. दोन आठवडे, पाच आठवडे. मी स्वतःला समजावलं: त्यांना माझे पाय लागत होते, काम झालं, पायांची गरज संपली. मामा मुद्दाम माझ्यासमोर त्यांचं नाव काढायचा नाही, आणि तेच जास्त लागायचं. चालीचं म्हणाल तर ती 'टक सर्र' गेली, पण जुनी काही आली नाही. मी रांगणारं मूल उभं राहतं तशी चालायचे. कधी लांब ढांग, कधी दुडकी. आई म्हणायची, "आज कोण आलंय?" पण आता दार उघडून म्हणायची.

मग एक कार्ड आलं. 'शनिवारी दुपारी तीन वाजता दाखवतोय. या.' बस. पाऊलबाई नाही, काही नाही.

मी उशिरा गेले. खरं सांगायचं तर इमारतीला चार फेऱ्या मारल्या, आत जायचा धीर होईना. शाळेचाच हॉल होता, चाळीस-पन्नास माणसं असतील. मी सगळ्यात मागे, दाराशी उभी राहून शेवटचं रीळ बघितलं. वळणावरून ती गेली. मास्तरांनी रिकामा रस्ता तसाच ठेवला होता. पावलं लांब गेली, विरली. परत आणली नव्हती. मग फक्त ते टेकणं, आणि ते हुश्श. माझा आरडाओरडा आणि कट हा शब्द तेवढा त्यांनी काढून टाकला होता. आणि तुम्हाला सांगते, त्या क्षणी हॉलमधल्या सगळ्या माणसांनी एकदम मान वळवून डावीकडच्या भिंतीशी असलेल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. सगळ्यांनी, एकसाथ. कशाला बघितलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. एक म्हातारा उगाच जरा सरकून बसला, जागा करून दिल्यासारखा.

लोक निघाले. कुणी डोळे पुसत होतं, कुणी "गाणं एखादं हवं होतं" म्हणत होतं. हॉल रिकामा झाला. मास्तर एकटेच पहिल्या रांगेत बसले होते, पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून. नेहमीसारखे.

मी परत फिरणार होते. अर्धी फिरलेही होते. मग म्हटलं, जाऊ दे, तोंडावर चार शब्द सुनावून तरी जाऊ.

लाकडी जमीन होती. मी चालत निघाले, माझ्या त्या वेड्यावाकड्या, कुणाच्याच नसलेल्या चालीने. दोन लांब, एक आखूड, मधेच एक दुडकी. पाय वाजत होते. त्या माणसाचे कान मला माहीत होते. माझा श्वास त्यांनी काचेपलीकडून ओळखला होता. माझी पावलं तर त्यांनी महिनाभर उराशी धरली होती.

त्यांची मान ताठ झाली. कान टवकारले. मी चालत राहिले.

"कोण आहे?" ते म्हणाले.

मी आणखी दोन पावलं टाकली.

"कोण आहे तिकडे? ही पावलं मी नाही ओळखत."

आणि पडद्याकडे पाठ करून ते वळले. खुर्चीतून उठून, पूर्ण वळले. खिडकीतून दुपारचं ऊन आत येत होतं, ते माझ्या तोंडावर होतं. त्यांनी बघितलं. आधी पायांकडे नाही, सरळ तोंडाकडे. बघतच राहिले. इतकं, की मीच खाली बघायला लागले.

"तुमच्या..." ते अडखळले. "तुझ्या नाकावर तीळ आहे."

"आहे. पहिल्यापासून."

"मला... कुणी सांगितलंच नाही."

"ओळखलं नाहीत ना मला?"

"नाही," ते म्हणाले. "अजिबात नाही."

आणि पोरींनो, माझ्या अख्ख्या जन्मात यापेक्षा गोड शब्द मला कुणी ऐकवला नाही.